जोड्या लावा

डोरिस गॅन्यॉनच्या उजव्या हाताला साडेचार बोटं आहेत.
ट्रॅक्टरविषयी बोलताना ती नेमकं
ते अर्धं पुढे करते.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. टनब्रिज, व्हरमाँट.
आमच्या दारापर्यंतचा खडीचा रस्ता
तीनशे पावलं, त्यातली शंभर चढाची,
आणि दर हिवाळ्यात बर्फ ओढून देणारा कॉल्बी
यंदा न सांगता फ्लोरिडाला गेलेला.
म्हणून हे पातं: पाच फुटी, जुनं,
नारिंगी रंगाचे पापुद्रे सुटलेलं,
कुणाच्या तरी गवतात पालथं पडलेलं.
सव्वादोनशे डॉलर.

"आधी सपाट जागा," डोरिस म्हणाली.
"उतारावर जोडणारे शहाणे
माझ्या नवऱ्याचे मित्र होते."
होते, म्हणाली.

मी मान पिळून वितीवितीनं मागे आले.
तिनं तळहात दाखवला. थांबले.
ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं,
किल्ली काढून तिच्यासमोर धरली.
"मला नको. तुझ्या खिशात.
मी मध्ये वाकले होते तेव्हा मर्व्हिन सीटवर होता.
किती प्रेमानं विचारलं त्यानं,
जरासं वर घेऊ का?"
पुढचं तिनं सांगितलं नाही.
हातमोजा घातला.

डावा हात आधी. तो हट्टी, तसूभर हलत नाही,
पात्यालाच त्याच्याकडे न्यायचं,
पहारीनं, कमरेनं नाही.
मग उजवा. त्याला दांडी आहे,
फिरवली की चार बोटं वर, चार बोटं खाली.
(चार बोटं, असं मोजलं मी मनात
आणि ओशाळले.)
वरचा दांडा शेवटी. त्याच्या दोन-चार आट्यांवर ठरतं
पातं जमीन खाणार की चाटणार.
दोन्ही साखळ्या ताणून घ्यायच्या,
नाहीतर चढावर ते शेपटी हलवतं.

खीळ आरपार गेली, तिच्या टोकाला कडी टचकन मिटली,
आणि माझ्या तोंडून निघालं: शिवळ.
"काय?"
जुवातून बैलाची मान निसटू नये म्हणून घालतात ती काठी, मी सांगितलं.
मी बैल कधी जुंपला नाही, डोरिस.
आठवीच्या पेपरात 'जोड्या लावा'मध्ये
एका गुणाला आला होता हा शब्द.
चाळीस वर्षं नुसता पडून होता
गवतातल्या पात्यासारखा.
"शिव्वल," ती म्हणाली, आणि प्रत्येक कडी
पुन्हा हलवून पाहिली.

मग पट्टा. डोक्यामागची लोखंडी कमान उभी.
"ती कमान आणि तो पट्टा नवराबायको आहेत,
एकाला सोडून दुसऱ्याचा उपयोग नाही."
खडी अजून गोठली नव्हती, तर पातं उलटं फिरवलं,
पाठीनं सारवत गेले.
खड्डे बुजले. मी हरखले. गियर वाढवला.
पात्याला डोळे नसतात.
मेपलपाशी जमिनीतल्या धोंड्यानं कोपरा धरला,
ट्रॅक्टर तिरका झाला, पट्टा बरगड्यांत रुतला,
आणि तिकडे कुंपणाशी डोरिस
काहीही न बोलता
धोंड्याच्या जागी एक लाल काठी रोवायला निघाली.
मी सगळं थांबवेपर्यंत ती जवळ आली नाही.

चार वाजता मुकुल चहा घेऊन आला,
सरळ मागून, चाकांच्या मधून,
वाफाळता कप पुढे धरून, किती प्रेमानं.
"तिथेच!" मी इतक्या जोरात ओरडले
की थोडा चहा सांडला.
पातं जमिनीवर टेकवलं. ब्रेक. इंजिन बंद. किल्ली खिशात.
मग उतरले, आणि कप घेतला.
कोमट झाला होता.
तो जरा रागावलेला.
डोरिसनं त्याच्याकडे पाहिलं,
हातमोजा काढला,
आणि आपला कप
साडेचार बोटांनी धरला.