पेन्सिलीनं लिहिलेलं

दर नोव्हेंबरात, पहिल्या मंगळवारी,
शाळेच्या व्यायामशाळेत
फ्रू आल्फहिल्ड गुडघे टेकायची आमच्या पायांपाशी.
सात जहाजं, तेलाचे दोन कारखाने, टेकडीवरचं पिवळं घर,
आणि ती बाई आमचे ओले मोजे सोलायची
उकडलेल्या बटाट्याची सालं काढावीत तसे.
पाऊल तळव्यावर घ्यायची,
अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडायची.
"वाढशील," म्हणायची.
एवढंच.

बूट चांगले असायचे, खोटं कशाला बोलू.
पण टाचेच्या वर, बाहेरच्या अंगाला,
तीन भोकं पाडलेली असायची त्रिकोणात,
कुणाच्या बापानं गहाण टाकू नयेत म्हणून.
बर्फ वितळू लागला की तिथून पाणी शिरायचं.
सगळं बंदर ओळखायचं ती भोकं.
मी त्यांत मेण भरायचे, वर चुलीतली काजळी.

आणि गहाण टाकायला
मला बाप कुठे होता?

तो गेला खाली, दक्षिणेच्या गोठलेल्या दर्यात,
तिच्या नवऱ्याच्या तिसऱ्या जहाजावर,
देवमाशाची चरबी कापता कापता.
बारा जानेवारी. दुपारी.
आईला पाकीट आलं. पगार दुपारपर्यंतचा.
वजा तंबाखू.
वजा हातमोजे, एक जोड.
हातमोजे परत आले नाहीत.

नवरा मात्र घरीच गेला, पिसांच्या गादीवर,
नाशपातीची फोड घशात अडकून.
त्यानंतर बाईनं क्षयाचा दवाखाना बांधला,
गरम पाण्याचं न्हाणीघर बांधलं कामगारांसाठी.
बायका तिथे अंग घासत म्हणायच्या,
साबण तिचा, तेलही तिचंच,
वास जाणार कसा?

पाद्री म्हणायचा,
उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये.
फ्रू आल्फहिल्ड डावखुरी होती.

अठराव्या वर्षी मी तिच्याकडे हिशेब लिहायला लागले.
दौतीतल्या शाईची मोठी वही माझी:
दान, अमुक क्राउन, अनाथाश्रमाला कोळसा.
दुसरी वही तिच्या खणात,
मेणकापडात गुंडाळलेली, आत नुसती पेन्सिल.
एका संध्याकाळी तिनं ती माझ्यासमोर उघडली.
माणसांची नावं. मेल्याची तारीख.
हंगाम संपल्याची तारीख.
मधले दिवस.
सदतीस नावं, आणि एकोणिसावं
हालवोर थ्योस्टहाइम.
एक्याऐंशी दिवस, वर अर्धा.

मी पैसे मोजले. हात कापत होता,
रागानं की कशानं, अजून ठरवता आलेलं नाही.
विचारलं, हे कुठे लिहू? दानात?
ती म्हणाली, नाही. हे देणं.

शब्द तसा साधाच.
सढळ हाताचा म्हणून मिरवावा तर
मागून सावकारासारखा येऊन उभा राहतो.

आईनं नोटा दोनदा मोजल्या,
ओट्यावर, माशांच्या खवल्यांशेजारी.
आभार नाही, रडणं नाही.
म्हणाली, तंबाखूचे राहू देत, तो त्यानं ओढला.
पण हातमोजे?

दुसऱ्या दिवशी मी तसंच जाऊन सांगितलं.
बाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.
खाली धक्क्यावर पिंपं लोटत होते.
मग तिनं मेणकापड सोडलं,
डाव्या हातानं, जिभेचं टोक दातांत धरून
लिहिलं: हातमोजे, एक जोड.
टोक मोडलं. तिनं ते तासलं.
किंमत लिहिली.

बुटांच्या भोकांचं मी काही बोलले नाही.
पुढच्या नोव्हेंबरात एकशे चाळीस जोड आले,
कोऱ्या चामड्याचे, न भोसकलेले.
भोकं पाडायचा चिमटा
आता माझ्या खणात असायचा.