म्हणायचा अवकाश

बाणेरच्या टेकडीला पाठ देऊन उभी अकरा मजली इमारत,
तिच्या आंधळ्या भिंतीवर मला
चारच अक्षरं लिहायची होती.
कंपनीच्या पोरानं छापील कागद दिला. अवकाश.
त्यातला श हिंदी वळणाचा.
म्हटलं, बाळा, आपल्या श ला देठ असतो.
तो म्हणाला, काका, एवढ्या उंचावर कोण बघतंय?
मी देठ काढला.
निळा रंग बोहरी आळीतला, मागच्या कामातून उरलेला.

अ आणि व ला दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी खालून चक्रधर बेहेरानं विचारलं,
काय लिहिताय?
केंद्रापाड्याचा प्लंबर, तोंडात सदा टेफ्लॉनची पट्टी.
मी सांगायचा अवकाश,
तो असा हसला की हातातला पाना
खडीत जाऊन पडला.
म्हणाला, आमच्या पुरीला रोज पहाटे देवाचं अवकाश असतं.
आरसा धरतात समोर, आरशातल्या देवाला दातवण दाखवतात.
एवढ्या मोठ्या अक्षरांत तुम्ही
पुणेकरांना दात घासायला सांगताय?

शब्द मग विटांसारखा हातोहात खाली गेला.
वॉचमन रामसकल म्हणाला, छुट्टी.
शाळेच्या फळ्यावर असायचं, ग्रीष्मावकाश,
खडूनं, खाली हेडमास्तरांची सही.
त्यानंतर आज वाचतोय.
यादगिरी गिलावा करता करता थांबला.
मुकादम त्याला पालमूरहून घेऊन आला
तो हाच शब्द बोलून:
पुण्याला चल, अवकाशम् आहे.
संधी रे, संधी, असं त्यानं मला समजावलं
आणि थापीवरचा माल वाळायला लागला म्हणून
पुन्हा भिंतीकडे वळला.

शिबू काही बोलला नाही.
वायरमन, कोट्टयमकडचा. ऐकत होता.
शनिवारी, पगार तिसऱ्यांदा पुढे गेला तेव्हा म्हणाला,
आमच्याकडे हा शब्द मागायचा असतो.
म्हटलं, जागा मागता?
नाही.
मग वेळ?
त्यानं टेस्टर खिशात खोचला. हक्क, म्हणाला.

घरी मंदाकिनीला विचारलं, तुझ्या मते काय गं?
ती म्हणाली, भाताला अजून अवकाश आहे,
तोवर हातपाय धुऊन घ्या.
नखांतला निळा काही निघाला नाही.
माहितीपत्रक आणलं होतं, ते तिनं चष्मा लावून वाचलं:
सहाशे दहा चौरस फूट अवकाश,
आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई.

सोमवारी शिबूनं मेन स्विच पाडायचा अवकाश,
मिक्सर थांबला, लिफ्ट सातव्यावर लटकली,
माणसं जिन्यानं उतरत राहिली, उतरत राहिली,
एवढी माणसं आत होती हे मलाही ठाऊक नव्हतं.
सगळे येऊन बसले माझ्या श च्या सावलीत.
मी फळीवर. माझंही बिल अडकलेलं,
पण ते बोलायला मला खालून तोंड दिसत नव्हतं कुणाचं,
नुसते डोक्यांचे पिवळे ठिपके.
मग मीही दोर सैल केला.

गुरुवारी अर्धे पैसे आले.
उरलेल्यांचं काय, तर पोरगा म्हणाला,
अजून जरा अवकाश आहे.
हसलो सगळेच,
जो तो आपल्या घरच्या अर्थाला.
पोरगा कावराबावरा. मराठीच तर बोललो, म्हणाला.

शेवटचा हात द्यायला मी पहाटे गेलो.
टेकडीवर बॅटऱ्या घेऊन फिरणारी चारदोन माणसं.
खाली चक्रधरनं बसवलेल्या नळाला पहिल्यांदाच पाणी आलेलं,
आधी खोकून, लालसर, मग स्वच्छ.
बिनखिडकीच्या तावदानाची काच भिंतीला टेकवलेली,
तिच्यासमोर उकिडवा बसून तो
दात घासत होता.
सावकाश.
मी वरून हाक मारणार होतो.
मारली नाही.