पहिला थेंब

आजा प्यायच्या आधी बोट बुडवायचा.
एक थेंब जमिनीला, एक पेनाला,
मग गेलेल्यांची नावं. सतरा.
नावं सरेपर्यंत मोहाची वाटी अर्धी व्हायची
आणि आजा म्हणायचा, बस, आता माझी.
वर्षातून एकदा, पेरणीआधी,
माझ्या जिभेवरही टेकवायचा. करंगळीएवढं.

मग अकरावी. नागपूर.
कॉलेजामागच्या मैदानात पोरं म्हणाली,
"पी ना बे, तुमच्यात तर चालते."
रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर, टाकीमागे,
आपलेच सिनियर, आडनावं आपलीच,
म्हणाले, "पी ना बे, आपल्यात तर चालते."

तुमच्यात. आपल्यात.
ग्लास तोच प्लास्टिकचा,
बाटली तीच, लेबलावर संत्रं काढलेली.

मी बोट बुडवलं, सवयीनं.
गच्ची मे महिन्याची, डांबर फासलेली.
थेंब पडला आणि नाव घ्यायच्या आत वाळला.
"वाया घालवतो बे!" सगळे हसले.
मीही हसलो.
नंतर बोट बुडवायचं राहूनच गेलं.
बारावीचा पेपर बुडाला, तो वेगळा.
दिवाळीच्या आधी आजा गेला,
मी दुसऱ्या दिवशी पोचलो.

आता बोलावणारा मीच.
जुलैत नवा पोरगा आला, इंदल इनवाती,
देवलापारच्या पुढचा, जिथून एसटी परत वळते.
चप्पल जिन्यातच काढून वर आला.
मी ग्लास पुढे केला आणि तेच वाक्य म्हटलं,
माझ्याच तोंडून मला ऐकू आलं.

तो म्हणाला,
"बाबानं आमच्या साऱ्यांच्या वाट्याची पिऊन टाकली, दादा.
माह्या वाट्याची उरलीच नाही."

कोणी हसलं नाही.
कोणीतरी त्याच्या हातावर फुटाणे ठेवले.
खाली काटोल रोडवर एक ट्रक
बराच वेळ गिअर बदलत राहिला.

मी बोट बुडवलं. वर्षभरानं.
पहिलं नाव आता आज्याचंच.
दुसरं त्याच्या बापाचं.
तिसऱ्याला अडलो.

आईला फोन लावला, रात्री अकराला.
"पिऊन आहेस का?" तिनं आधी हेच विचारलं.
"नाही," म्हटलं. "अजून नाही.
तू नावं सांग."

तिकडे खाट करकरली.
ती उठून बसली असावी.