दाबा, सोडा

कुताइसीतली थंडी. डोकं डॅशबोर्डाखाली,
पाय दाराबाहेर, वाऱ्यात.
"दाबा," मी म्हणतो. नाझिब्रोलाबाईंचा बूट
माझ्या नाकाशी येऊन थांबतो. टाचेला पीठ.
"सोडा."

चार पूर्णांक नऊ.
दाबलं तरी चार-नऊ, सोडलं तरी चार-नऊ,
रुसलेल्या पोराला काहीही विचारा, उत्तर एकच.
गाडीला पाय कळत नाही,
पहाटे चारला ती ढिम्म, आणि मागे
पाव गार होत जातात.

पुलापलीकडच्या पोरांनी सेन्सर दोनदा बदलला.
दोन्ही नवे, दोन्ही निर्दोष.

तारा तीन. पहिलीत पाच व्होल्ट, चोख.
दुसरी निरोप्या.
तिसरी काळी, तिच्यावर शून्य हवं
तिथे चार-आठ.
म्हणजे अर्थिंग कुठेतरी सुटलंय.

बोटांनी तिचा माग काढत गेलो,
पेडलच्या मागून ओल्या गालिच्याखाली,
तर एक गाठ. निळी चिकटपट्टी,
कडेला दातांनी तोडलेली.
आत तांब्याची हिरवी पूड.

या गल्लीत पट्टी दातांनी तोडतो
तो मी एकटाच.
सहा वर्षं झाली. रेडिओ बसवला होता, घाईत,
ओतार होता तेव्हा. दारात उभा राहून
सिगरेटची राख माझ्या बुटांवर पाडत होता.

सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला.
"कुणाचं हो हे काम?" वरून आवाज.
"माझं," म्हटलं, तिथूनच,
डोकं बाहेर न काढता.

बूट हलला नाही.
मग मी न सांगताच
हळूहळू खाली आला,
आणि आकडा चढू लागला:
एक, दोन-तीन, चार-एक.