नऊ खिळे

भालचंद्र झारापकर.
दिवसा वेंगुर्ल्याच्या बंदरावर कस्टमात कारकून,
रात्री कंदिलाखाली खून करायचा.
महिन्याला एक पुस्तक, शहाण्णव पानं, बारा आणे.
वर्षाला एक नाटक, मांडवीवर,
पडदा देवळाचा, उसना.

मी छापखान्यातला जुळारी.
पहिल्याच फर्म्याला सांगून टाकलं,
"भालबा, केसमध्ये झ नऊच आहेत.
पुण्याहून मागवलेत, येतील तेव्हा येतील."
तो काजूगर चावत म्हणाला, "बरं."

आलेच नाहीत.
त्याच्या पुस्तकांत मग कोणाला झोप लागेना,
डोळा लागे.
झाड कुठेच नाही, सगळे माडच.
विधवा म्हणे, "या घरातलं सोनं गेलं,"
तांडेल म्हणे, "हा हात त्या रात्री सुकाणूवर होता."
सगळे असे जपून बोलत
जसा फौजदार दाराआड उभा.
वाचक म्हणत, काय शैली!
मी शिशानं काळी बोटं पुसत गप्प.

शेवटच्या फर्म्यात एकजण फुटायचा.
"माझ्या हातून..."
नऊच्या नऊ खिळे त्या एका पानावर.
फौजदाराच्या आधी मला कळे.

नाटकाला खिळे लागत नाहीत.
तिथे त्यानं उट्टं काढलं.
"माझी होडी! माझा बाप! माझा दर्या!"
नायिका झालेला पास्कू हमाल छाती पिटून ओरडे,
आणि मागून एखादी गाबतीण,
"गे बाये, दर्या आमचो पण!"

मार्गशीर्षात तो गेला. खुर्चीतच,
समोर सुपारीच्या गोण्यांचा हिशेब अर्धा.
पाच फर्मे छापून तयार.
सहावा त्याच्याबरोबर.

शिरोड्याहून, रेडीहून माणसं यायची,
खुनी कोण?
मालक म्हणाले, "तूच लाव काहीतरी, तुला सवय आहे."
ऐंशी पानं दोनदा वाचली.
जेटीवर कंदील घेऊन कोणीतरी उभं आहे,
एवढ्यावर थांबलंय.
झ कुठेच नाही.
फक्त मुखपृष्ठावर, त्याच्या नावात.

जुळणी सोडवली.
आठ परत केसमध्ये टाकले.

नववा सदऱ्याच्या खिशात असतो.
धुण्याच्या दगडावर टणकन पडतो,
बायको विचारते, "कोणाचा हा?"
उत्तराला तेच अक्षर लागतं.
मी अजून दिलेलं नाही.