उलटा करा आणि गुणा

ऑगस्टमध्ये बाइंडर आले, निळे, उशीएवढे.
माझ्यावर नाव होतं व्हर्लीन स्टॅम्पर, एक अक्षर गाळून.
मी काही बोलले नाही.
वाचनालयात पहिलीच्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीला लावून आम्ही अकराजणी
दोन दिवस ऐकत होतो लेक्सिंग्टनहून आलेल्या माणसाला.
पडद्यावर बाण. बाणांना फुटलेले बाण.
मग त्याची गाडी खडीवरून वाजत गेली
आणि दरीत पुन्हा किड्यांची किरकिर.
"हेही जाईल," रोएना म्हणाली, "आधीची तीन गेली तसंच."
त्या तिन्हींचे बाइंडर आहेत माझ्याकडे.
एक लावला की दार उघडं राहतं.

सप्टेंबरात ओलीटा फ्यूगेट आली,
पलीकडच्या खोऱ्यातली, हातात फक्त एक वही.
मागच्या बाकावर बसली केडच्या शेजारी.
मी फळ्यावर लिहिलं, सव्वीस वर्षं लिहिते तसं:
अपूर्णांकाने भागायचंय? उलटा करा आणि गुणा.
सहावीची पोरं एका सुरात म्हणाली.
त्यांच्या आयाही याच सुरात म्हणायच्या.

बस गेल्यावर तिनं विचारलं, हळू,
जणू तिचंही काही हरवलंय:
"का उलटायचा?"

खडू हातात होता. तोंड उघडलं.
"तसंच करतात," मी म्हणाले,
आणि आवाज माझ्या वडिलांचा निघाला.
खाणीत छताला इतकेच खांब का, असं विचारलं
की ते हेच म्हणायचे.

ओलीटा हसली नाही.
"चाळिशीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं."

मग दर गुरुवारी, बसनंतर.
पाऊण कप मक्याचं पीठ तिनं टेबलावर ठेवलं
आणि एक चिमुकलं माप, कपाच्या अष्टमांशाचं.
"किती वेळा भरेल?"
भरत गेले. सहा.
अख्ख्या कपात आठ, म्हणून पाऊण कपात आठाचा पाऊण हिस्सा.
आठ उलटा झालाच नव्हता;
तो पहिल्यापासून तिथं सरळ उभा होता.

आनंद वगैरे नाही झाला. राग आला.
घरी येताना रेडिओ लावला नाही.
टॅमराने विचारलं होतं एकदा, "का?"
मी म्हटलं होतं, आधी पान संपव.
ती आता औषधांच्या दुकानात आहे,
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाच-पाच करून मोजते.

ऑक्टोबरात मी वर्गात पीठ नेलं.
उत्तर सांगायचं नाही, एवढंच कठीण असतं.
तेव्हा हात कुठे ठेवायचे
हे कुठल्याच बाइंडरात नाही.
मी ते एप्रनच्या खिशात कोंबले.
अकरा मिनिटं. मुख्याध्यापक काचेतून डोकावून गेले.
मग केड, ज्याची वही सदा कोरी, म्हणाला,
"सहा. पण थांबा,
मापच कपापेक्षा मोठं असेल तर?"
मी मागं वळून पाहिलं. ओलीटा त्या दिवशी आली नव्हती.
"तर काय?" मी विचारलं,
आणि खरंच विचारलं.

मे महिन्यात तिच्या पगाराचे पैसे संपतात.
पुढचं कुणी सांगत नाही.
काल मी रोएनाच्या वर्गात मागं बसले होते,
गुडघे हनुवटीला लावून. फळ्यावर तिचं अक्षर सुरेख.
शून्याने गुणलं की शून्य, पोरं एका सुरात.
रोएनाने माझ्याकडे पाहिलं, मग पाहणं टाळलं.
माझ्याकडे एक प्रश्न आहे.
बस जायची वाट बघतेय.