दोनशे सत्तर

डिसेंबरात डॉक्टर बोहरे
रिपोर्टवर पेनाचं टोपण आपटत म्हणाले,
"शितूत, ही साखर आहे, गजक नाही,
हिवाळ्यापुरती यायला."

मी वही आणली. तारखांचे चौकोन आखले.
आखण्यात मी हुशार; तीस वर्षं वीज मंडळात
दुसऱ्यांच्या मीटरचे आकडे उतरवले.
बूट आणले, निळे, जावयाला शोभावेत असे.
पाच दिवस चाललो.
सहाव्या दिवशी धुकं होतं.
सातव्या दिवशी धुकं नव्हतं,
पण सहाव्या दिवसाची लाज होती.

बूट पलंगाखाली गेले, वही फ्रिजवर.
अशा वह्या आमच्या घरात चार आहेत.
पहिल्या पाच पानांपुरता मी
चारही वह्यांत फार चांगला माणूस आहे.

फेब्रुवारीत स्कूटर बिघडली.
किला गेटपाशी मेकॅनिकची वाट पाहत उभा,
बेडईचा वास नाकात, खिशात सुटे पैसे,
आणि समोर रामश्रीबाई झेंडू ओवत बसलेली.
बोटं पिवळी, शालीतून नुसती बाहेर डोकावणारी.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
"रोज बैठती हो? ऊब नहीं आती?"
"आती है," ती म्हणाली.
"फिर सुई में धागा डाल लेती हूँ."

मला वाटलं होतं देवाचं नाव घेईल,
पोरांची फी सांगेल,
निदान पोटाकडे बोट तरी दाखवील.
तिनं सुई उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटला,
आणि मी तिथे नव्हतोच.

मेकॅनिक आला नाही. मी चढ चढू लागलो,
दुसरं काय करणार.
दम लागला तिथे थांबलो, तर ते चतुर्भुजाचं देऊळ,
एकाच खडकातून कोरलेलं.
सहावीत असताना गुरुजींनी इथे रांगेत उभं करून
भिंतीवरचं शून्य दाखवलं होतं,
आणि मला फक्त पुढच्या पोराची मान दिसली होती.

आता एकटाच होतो. शोधून काढलं.
इवलंसं, सात-आठ मोत्यांत हरवेल एवढं.
दोनशे सत्तर हात लांब बाग दिली आहे देवाला,
आणि रोज पन्नास माळा.
रोज.
हजाराहून जास्त वर्षांपूर्वी
माघातल्या अशाच एखाद्या सकाळी
एकोणपन्नासावी माळ संपवून
कुणीतरी जांभई दिलीच असेल.

पाचव्या वहीत चौकोन नाहीत.
ठरवलं एवढंच, की बुटाची नाडी बांधायची.
पुढे उंबऱ्यावरून परत फिरायची मुभा.
ती मुभा मी पुष्कळदा वापरली आहे.
एकदा कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेलो, परतलो.
एकदा बूट घालून बेडई खाल्ली, दोन, भाजीसकट,
आणि घरी येऊन इमानदारीत शून्य लिहिलं.
पूर्वी हेच शून्य विहिरीसारखं वाटायचं,
डोकावलं की आत.
आता त्याच्या डावीकडे पाहायची सवय लागते आहे:
तिथे दोन आहे का, सात आहे का.

सुषमा म्हणते, किती दिवस झाले?
मी मोजलेले नाहीत, म्हणजे मोजलेत, सांगत नाही.
मीटरवाल्याला आकड्यांची दृष्ट कळते.
मागच्या खेपेला डॉक्टरांनी टोपण आपटलं नाही,
नुसतं "हं" म्हणाले.
मन अजून लागलेलं नाही.
लागेल तेव्हा लागेल, त्याची वाट पाहत
मी चार वह्या घालवल्या.

आज मे महिना, पहाटेचे पावणेपाच.
सूर्य वर आला की हा दगड तव्यासारखा तापेल.
चष्मा सापडत नाही. नाडीचं टोक उसवलंय,
बुटाच्या भोकात जाता जात नाही.
मी ते ओठांनी ओलं केलं,
गॅलरीतल्या दिव्याकडे धरलं,
एक डोळा मिटला.